नाकातली मोरणी आणि नाकावरचा मास्क

लग्नकार्याला मुक्कामी जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. दिवसाचं काही नाही, दिवसभर मी हौसेनं मिरवून घेईन. रात्री कार्यालयाच्या हॉलमध्ये सतरंज्या पडल्या, बायका ओळीनं आडव्या झाल्या की मी मात्र भिंतीला पाठ लावून बसायचे. 'टेका की जरा,' असं कुणी म्हणालं तर उत्तर ठरलेलं, 'नवीन जागा आहे ना, झोप येत नाही.' प्रत्यक्षात डोळे मिटत असायचे. मान एका बाजूला कलंडायची, कलंडली की मी दचकून सरळ व्हायचे. पहाटे चारला आचाऱ्यांनी भांडी आपटायला सुरुवात केली की हायसं वाटायचं. सुटले एकदाची!

कारण एवढंच, की मी घोरते.

बाप्या घोरला तर 'दमलाय बिचारा' म्हणून त्याच्या अंगावर पांघरूण घालतात. बाई घोरली तर सकाळच्या चहाला तिची नक्कल होते. माझ्या धाकट्या जावेनं एकदा दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं, 'ताईंच्या खोलीत रात्री ट्रॅक्टर येतो.' मीही हसले. न हसून सांगता कुणाला? ह्यांनी कधी तक्रार केली नाही, पण दोन-तीन वर्षांपूर्वी 'पंखा लागतो' असं म्हणून ते हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले. आमच्या खोलीतला पंखा आणि हॉलमधला पंखा एकाच कंपनीचा, एकाच दिवशी बसवलेला आहे.

घोरणं पंचेचाळिशीपासूनचं. एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी गेली, वजन वाढत ७६ किलोंवर गेलं आणि बाकीचं लटांबर मागून आलं. सकाळी उठले की डोकं जड, कपाळावर कुणी पाटा ठेवल्यासारखं. घसा कोरडा ठणठणीत. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचं. त्यासाठी दोनदा साखर तपासली, दोन्हीदा ठीक निघाली. थायरॉइडची गोळी आधीच चालू होती, ती थोडी वाढवून झाली. रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झाल्या, तरी आकडा १५०च्या खाली यायला तयार नाही. ज्याला विचारावं त्याचं एकच, 'या वयात बायकांना व्हायचंच.' हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलं, मैत्रिणींकडून ऐकलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःशीही शंभरदा म्हटलं.

घरगुती उपायांची जंत्री देत नाही. नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब, झोपताना हळदीचं दूध, नाकावर चिकटवायच्या पट्ट्या, ऑनलाइन मागवलेली एक चुंबकाची नथीसारखी कडी, सगळं झालं. गाऊनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालण्याचा उद्योगही केला, म्हणजे उताणं झोपता येऊ नये. तो अगदीच खुळचट नव्हता, असं नंतर कळलं. उताणं झोपल्यावरच ज्यांना त्रास होतो त्यांना कुशीवर झोपण्याचा खरोखर उपयोग होतो. माझ्या बाबतीत मी दोन्ही कुशींवर तेवढीच घोरत होते आणि वर पाठ दुखत होती.

दिवसा मी एका पतसंस्थेत कॅशियरच्या खिडकीत बसते. दुपारी तीननंतर समोरचे आकडे पोहायला लागायचे. मार्चअखेरीच्या गर्दीत एका खातेदाराला मी १२ हजारांच्या स्लिपवर २२ हजार दिले. संध्याकाळी कॅश जुळेना, तेव्हा स्लिपा काढून शोधलं. त्या माणसाचा चेहरा, त्याच्याशी बोललेलं, नोटा मोजलेल्या, मला काहीएक आठवत नव्हतं. उघड्या डोळ्यांनी ती पाच मिनिटं मी तिथं नव्हते. खातेदारानं कानावर हात ठेवले. माझ्या पगारातून दोन हप्त्यांत पैसे कापले गेले आणि वरिष्ठ म्हणाले, 'मॅडम, जबाबदारीचं काम झेपत नसेल तर तसं सांगा.' पैशांचं दुःख महिन्याभरात ओसरलं. त्या वाक्याचं अजून आहे.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०२३ साली, आमच्या गल्लीतल्या बायकांनी अष्टविनायकाची बस ठरवली. मी नाही म्हणत होते, कारण उघड आहे. पण माझ्या थोरल्या नणंदबाई, वन्सं, ऐकेनात. त्या सिव्हिल हॉस्पिटलात परिचारिका होत्या, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे आणि कुणाचाही हात हातात आला की बोटं आपोआप नाडीवर जातात. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून मी एवढी थकले होते, की ओझरच्या भक्तनिवासात पाठ टेकली ती टेकलीच. भिंतीला टेकून बसायचंही त्राण उरलं नव्हतं.

सकाळी वन्सं माझ्या आधी उठून बसलेल्या. बाकीच्या आंघोळीच्या रांगेत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, झालं, आता ट्रॅक्टर.

'अगं, तू रात्री श्वास घ्यायची थांबतेस,' त्या म्हणाल्या. 'मी घड्याळ लावून मोजलं. एकदा अडतीस सेकंद. एकदा चव्वेचाळीस. मी उठून तुझ्या नाकाशी हात धरला.'

त्यांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण दाखवलं. दोन मिनिटांचं होतं. आधी ते घोरणं, माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी घाणेरडं. मग एकदम बंद. कुणाला वाटेल, चला, लागली गाढ झोप. पण पांघरुणाखाली पोट वरखाली होतंय, छाती ओढतेय, तोंड अर्धवट उघडं आणि आवाज काहीच नाही. मागं कुणाची तरी बांगडी वाजलेली ऐकू येते, इतकी शांतता. मी मोबाइलकडे बघत स्वतःचा श्वास रोखून धरला होता. मग पाण्यात बुडालेलं माणूस वर यावं तसा एक हुंदका, अंगाला झटका आणि पुन्हा ट्रॅक्टर सुरू.

इतकी वर्षं घरादारानं माझा आवाज ऐकला, त्यावर विनोद केले. मधल्या शांततेच्या वेळी सगळे सुटकेचा निःश्वास टाकून झोपी जात असणार. त्यांना तरी काय बोल लावायचा?

वन्संनी नाव तिथंच सांगितलं, स्लीप ॲप्निया. मला ते ऐकल्यासारखं वाटलं. आदल्या वर्षी फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांत हाच शब्द आला होता. आम्ही मात्र त्या दिवशी जेवताना त्यांच्या अंगावरच्या सोन्याबद्दलच बोललो होतो.

सांगलीला परतल्यावर वन्संनीच मला मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. मिरज म्हणजे गल्लोगल्ली डॉक्टर, हे आमच्या भागातल्या कुणालाही सांगायला नको. मला वाटलं होतं स्टेथोस्कोप लावतील. त्यांनी टेप काढली आणि माझी मान मोजली. ३९ सेंटिमीटर. आजवर शिंप्यानं माझ्या गळ्याची खोली विचारली होती, मानेचा घेर कुणी घेतला नव्हता. मग जीभ बाहेर काढायला लावून विजेरीनं आत पाहिलं. पडजीभ जेमतेम दिसत होती म्हणे. मग एक कागद दिला. त्यात आठ प्रसंग. वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसलं असताना, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसलं असताना, अशा वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, ते शून्य ते तीनमध्ये सांगायचं. 'दुपारच्या जेवणानंतर, मद्य न घेता, शांत बसलं असताना' हे वाचून वन्संना हसू आवरेना. एकूण २४ पैकी दहाच्या वर गेलं की झोप जास्त येते असं धरतात. माझे सोळा आले. शाळेत गणितात असे गुण कधी मिळाले नव्हते.

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायचा कंटाळा नव्हता. शहाळ्यातली कागदी नळी भिजून मऊ पडली की ओढताना कशी चिकटते, तसं घशाचं होतं, म्हणाले. जागेपणी घशाचे स्नायू नळी उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. जीभ मागं सरकते, मानेत चरबी असेल तर जागा आणखी कमी. अरुंद जागेतून वारा गेला की पडदे थरथरतात, ते घोरणं. पुरतीच चिकटली की श्वास बंद. छाती ओढत राहते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू खडबडून दोन-चार सेकंदांपुरता जागा होतो, नळी उघडते. तुम्हाला पत्ताच नसतो. पाळी जाईपर्यंत बायकांना त्यांच्या संप्रेरकांचं थोडं संरक्षण असतं, नंतर ते जातं. शिवाय बायका घोरण्याची तक्रार घेऊन येतच नाहीत. थकवा, डोकेदुखी, झोप नीट लागत नाही असं सांगतात आणि थायरॉइडच्या नाही तर मन शांत करायच्या गोळ्या घेऊन घरी जातात.

आणि ते लघवीला उठणं? बंद घशाविरुद्ध छाती जोर करते तेव्हा हृदयावर ताण येतो. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, ते काढून टाकायचा निरोप मूत्रपिंडाला जातो. दोन वर्षं मी साखर तपासत होते आणि उत्तर घशात होतं.

पुढची पायरी रात्रभराची तपासणी. सूचना अशा, की डोक्याला तेल न लावता केस धुऊन यायचं, बोटांना मेंदी किंवा नखांना रंग नको, दागिने घरी ठेवायचे, दुपारी झोपायचं नाही, चहा नाही. रात्री नऊला गेले. खोली बरी होती, लॉजसारखी. एका मुलानं तासभर खपून मला वायरींत गुंडाळलं. टाळूवर चिकट मलम लावून वायरी, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांच्या पोटऱ्यांना, छातीवर हृदयासाठी. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, नाकपुड्यांत बारीक नळी, बोटाला चिमटा. आरशात पाहिलं तर विजेच्या खांबावर पतंगाचा मांजा अडकतो तशी दिसत होते. 'आता नेहमीसारखं झोपा,' तो म्हणाला. नेहमीसारखं! तो शेजारच्या खोलीत बसून रात्रभर पडद्यावर मला बघणार होता. परक्या मुलासमोर घोरायच्या लाजेनं मी बराच वेळ छताकडे बघत पडले.

तरी झोप लागली. मध्यरात्रीनंतर त्यानं मला हलवून उठवलं. 'मावशी, जेवढं बघायचं तेवढं बघून झालं, आता हे लावू या,' म्हणत नाकावर एक लहानसा मास्क बसवला. वारा आला, घाबरले, दोन श्वास अडखळले, आणि पुढचं आठवतच नाही. डोळे उघडले तर साडेपाच वाजलेले. मी उठून बसले आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागलं. काय हरवलंय ते कळायला मिनिटभर लागलं. डोकं दुखत नव्हतं.

अहवालात तासाला ३८ असा आकडा होता. पूर्ण श्वासबंद आणि अर्धवट श्वास मिळून एका तासात किती वेळा, तो हा आकडा. किमान दहा सेकंदांचाच धरतात. पाचच्या आत असला तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, तीसच्या पुढं तीव्र. सहा तासांच्या झोपेचा हिशेब केला तर दोनशेच्या वर वेळा. प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. कोविडमध्ये ९४च्या खाली आकडा गेला तर आम्ही धावाधाव करायचो, ते आठवलं. त्याच पानावर मास्क लावल्यानंतरचा भाग होता, तिथं तासाला चार.

माझी पहिली इच्छा शस्त्रक्रियेची. एकदा काय ते कापून टाकावं, कटकट संपली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं आणि नाही म्हणाले. टॉन्सिल मोठ्या नाहीत, नाकाचा पडदा फारसा वाकडा नाही, तुमच्या घशात एकाच ठिकाणी दोष नाही, कापून खात्री देता येणार नाही. आपल्याच धंद्याला नाही म्हणणारा डॉक्टर भेटला याचं मला अप्रूप वाटलं. खालचा जबडा पुढं धरून ठेवणारी दातांची कवळीसारखी पट्टीही असते, ती सौम्य-मध्यम त्रासाला जास्त कामाची. वजन उतरवायचंच होतं, पण ते उतरेपर्यंत रोज रात्री दोनशे वेळा बुडत राहायचं का? तेव्हा उरलं मशीन. सीपॅप.

हे मशीन म्हणजे काही फार गूढ नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं घशात सोडतं आणि त्या दाबानं नळी आतून उघडी राहते. ऑक्सिजन नसतो, पुष्कळांचा तसा समज आहे. १९८०च्या सुमारास सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून पहिलं मशीन जुळवलं, मास्क नाकावर अक्षरशः चिकटवावा लागायचा. त्याआधी तीव्र रुग्णांच्या गळ्याला भोक पाडण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. हे ऐकल्यावर मी कुरकुर जरा कमी केली.

विमा कंपनीनं तपासणी आणि मशीन दोन्हींचे पैसे नाकारले. मशीन चाळीस हजारांच्या पुढं, मास्क वेगळा. आधी महिनाभर भाड्यानं घ्यायचं ठरवलं. हा सल्ला मी कुणालाही देईन. विक्रेत्याच्या माणसानं घरी येऊन मशीन लावलं, आणि आणलेला मास्क होता नाकातोंडावरचा, बाप्याच्या मापाचा. 'सगळे हाच वापरतात' म्हणे. पहिल्या रात्री वाटलं, धावत्या एस.टी.च्या खिडकीतून तोंड बाहेर काढून झोपायला सांगितलंय. गालाच्या बाजूनं वारा निसटायचा तो थेट डोळ्यांत. पट्टे आवळले तर नाकाच्या दांडीवर लाल वळ, सैल सोडले तर फुसफुस. दोन वाजता मी झोपेतच तो काढून फेकला. सकाळी मशीनच्या पडद्यावर मास्कच्या नावापुढं तोंड पाडलेला चेहरा. माझाही तसाच होता.

ह्यांनी मला वैमानिक म्हणून चिडवलं. सुट्टीला आलेल्या चार वर्षांच्या नातवानं मात्र नळीकडे नीट निरखून पाहिलं आणि हात जोडले. 'आजी बाप्पा झाली.' मग तो रोज झोपायच्या आधी सोंडेला हात लावून पाया पडायचा. अष्टविनायकात आठ पाहिले होते, नववा मीच.

भांडून मास्क बदलून घेतला, लहान, फक्त नाकावरचा. तरी वारा निसटायचाच. डाव्या बाजूनं, रोज डाव्याच बाजूनं. तिसरा आणला, तेच. भाड्याचा महिना संपत आला होता आणि मी मशीन परत करायच्या बेतात होते. वन्सं संध्याकाळी आल्या, पलंगावर बसून म्हणाल्या, 'लावून दाखव बघू.' मी लावला. त्या गालापाशी बोट फिरवत राहिल्या, जसं पंक्चर काढणारा पाण्यात ट्यूब फिरवतो. मग थांबल्या.

'दवाखान्यात त्या रात्री मोरणी होती का नाकात?'

नव्हती. दागिने घरी ठेवून या म्हणाले होते ना.

माझी मोरणी जरा ठसठशीत आहे, मधे लाल खडा आणि भोवती सहा. लग्नात आईनं घातलेली. मास्कची मऊ सिलिकॉनची कड बरोबर त्या खड्यांवर चढत होती आणि फट राहत होती. तीन मास्क बदलले, माणसाशी भांडले, आणि चोर माझ्याच नाकात बसलेला. सासूबाईंना ते पटलं नाही. सवाष्णीनं नाक मोकळं ठेवून झोपू नये, त्या म्हणाल्या. मी सांगितलं, आई, श्वास चालू राहिला तर सवाष्ण. त्या गप्प बसल्या, मग दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कपाटातून एक पितळी डबी काढून आणून दिली. मोरणी रात्री तिच्यात असते. सकाळी आंघोळीनंतर परत नाकात.

मग बाकीचे बारकावे एकेक करून कळत गेले. झोपताना तोंडाला खोबरेल लावायची सवय सोडली, तेलावर मास्क घसरतो. अंबाडा ऐवजी खाली सैल वेणी, नाहीतर मागचा पट्टा वर सरकतो. दिवसा मालिका बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचे, नुसती सवय व्हावी म्हणून. दाब हळूहळू वाढत जाण्याची सोय असते, ती वीस मिनिटांवर ठेवली. तोंड उघडं पडून घसा सुकायचा, त्याला हनुवटीचा पट्टा लागला. मशीनमधल्या पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घालायचं, बोअरचं घातलं की आठवड्यात पांढरा थर. डिसेंबरच्या थंडीत नळीत वाफेचं पाणी साचून गुडगुडायला लागलं, हुक्का ओढतोय असं वाटायचं. बाजारात त्यावर गरम नळी मिळते. मी जुन्या सुती साडीची दुहेरी खोळ शिवली, काम झालं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालतं, फक्त पाणी तापवायचं बटण बंद ठेवायचं.

मास्कची मऊ कड रोज सकाळी साबणाच्या पाण्यानं धुऊन मी दोरीवर वाळत घालते. शेजारच्या वहिनींनी पहिल्यांदा ती पाहून विचारलं, हे नेमकं कशाचं? मी सांगितलं. आधी नसतं सांगितलं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकदा सकाळी उठले आणि लक्षात आलं, रात्री एकदाही उठले नव्हते. त्याच आठवड्यात मला स्वप्न पडलं. साधंच, माहेरच्या विहिरीवर कुणीतरी कपडे धूत होतं. पण मी ते पुढचे दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले, कारण स्वप्न पडायचं असतं हेच मी विसरले होते. सकाळची डोकेदुखी गेली. रक्तदाब खाली यायला काही महिने लागले, मग डॉक्टरांनी दोनपैकी एक गोळी बंद केली. मी आपणहून नाही केली, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे बरं वाटलं की गोळ्या फुलदाणीत जातात. मशीन वर्षभरात विकत घेतलं. त्याच्या आतल्या नोंदीत माझा आकडा आता तासाला दोन-अडीच असतो. वजन मात्र चारच किलो उतरलंय. झोप नीट झाली की वजन आपोआप झडतं असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. दुपारी तीनच्या सुमाराला अजूनही कधीकधी जांभया येतात. कॅश मात्र तेव्हापासून रोज जुळते.

हे खोलीत परत आले. पहिले पंधरा दिवस त्यांनाच झोप लागेना. मशीनची जेमतेम घूंऽऽ असते, त्यापलीकडे शांतता. रात्रीतून उठून माझ्या तोंडाशी वाकून बघायचे. एकदा मला जाग आली तर मोबाइलचा उजेड डोळ्यावर. 'काय बघताय?' 'काही नाही. चालू आहेस का बघितलं.'

गेल्या मे महिन्यात इचलकरंजीला पुतणीचं लग्न होतं. मशीनची पिशवी खांद्याला लावून गेले. हॉलमध्ये बायकांच्या बाजूला प्लगाची एकच जागा, आणि तिथं पोरांचे सात मोबाइल लटकलेले. पोरांशी तह करून एक भोक मिळवलं, एक्स्टेंशन बोर्ड सतरंजीखालून ओढला, मोरणी डबीत टाकली आणि सगळ्यांदेखत सोंड लावली. चुलतसासूबाई म्हणाल्या, त्या वाऱ्यानं मला सर्दी व्हायची, तोंड तिकडं कर.

दिवे मालवले. कूस बदलताना समोर दिसलं, नवरदेवाकडची एक बाई, माझ्याच वयाची, भिंतीला पाठ लावून बसली होती. कुणीतरी तिला आडवं व्हायला सांगितलं.

'नवीन जागा आहे ना,' ती म्हणाली, 'झोप येत नाही.'

मी मास्क काढला आणि अंधारात हळूच वन्संना हाक मारली. घड्याळ त्यांच्याकडे असतं.